पहिल्या आठवड्यात अडीच लाख: ‘कॉन्ट्राबँड’ कशामुळे खपला आणि कुलूपवाल्यांनी त्यातून काय अर्थ काढला

८ जून २००४ हा मंगळवार होता. त्या काळी अमेरिकेत नवे अल्बम मंगळवारीच दुकानात लागत. त्या दिवशी लागलेल्या सीडींमध्ये वेल्व्हेट रिव्हॉल्वर या हार्ड रॉक बँडचा पहिला अल्बम होता, ‘कॉन्ट्राबँड’. रविवारपर्यंत त्याच्या सुमारे २ लाख ५६ हजार प्रती खपल्या आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-मासिकाच्या खपाच्या अल्बम-यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर आला. बँडचं नाव नवं, पदरी एकही अल्बम नाही, आणि गायकाने गाणी म्हटली ती व्यसनमुक्तीच्या उपचारांमधून वेळ काढून. तरीही पहिला क्रमांक.

त्या सीडीची आणखी एक खासियत होती. तिची कॉपी करता येऊ नये म्हणून तिच्यावर एक सॉफ्टवेअरचं कुलूप बसवलेलं होतं. अशी कुलूपबंद सीडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाण्याची ही पहिलीच वेळ. कुलूप विकणाऱ्यांना अर्थातच आनंद झाला: बघा, लोकांना कुलपाचं काही वावडं नाही! हा निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकीचा होता हे कळायचं तर आधी अशा ‘सुपरग्रुप’चा पहिला अल्बम कोण विकत घेतं ते बघावं लागतं.

सुपरग्रुप हा शब्द भारदस्त आहे, व्यवहार साधा आहे. वेगवेगळ्या बँडमध्ये आधीच नाव कमावलेली माणसं एकत्र येऊन नवा बँड काढतात, तो सुपरग्रुप. १९६६ साली एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांनी ‘क्रीम’ काढला, तेव्हापासून ही कल्पना रॉकमध्ये रुजली. नव्या पोरांच्या बँडला श्रोता शून्यापासून जमवावा लागतो. छोटे क्लब, रेडिओवाल्यांच्या विनवण्या, मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवणं, असं सगळं करून चार-पाच वर्षांनी कुठे नाव होतं. सुपरग्रुपचा श्रोता आयता तयार असतो. त्याचा लाडका बँड मोडलेला असतो किंवा गप्प बसलेला असतो, आणि तो वाट बघत असतो.

धोका यातच आहे. १९६९ साली क्लॅप्टन आणि बेकर स्टीव्ह विनवुडबरोबर ‘ब्लाइंड फेथ’मध्ये आले. पहिलाच जाहीर कार्यक्रम लंडनच्या हाइड पार्कात, समोर लाखाच्या आसपास माणसं. त्यांचा एकुलता एक अल्बम ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेतही पहिला. वर्ष संपायच्या आत बँड संपला. लोक ऐकायला येतात ते जुनं, बँडला वाजवायचं असतं नवं, आणि या ओढाताणीत पहिला अल्बम कसाबसा निघतो. दुसरा निघेलच याची खात्री नसते.

आता वेल्व्हेट रिव्हॉल्वरची जुळणी बघू. गिटारवर स्लॅश, बेसवर डफ मॅकेगन, ड्रम्सवर मॅट सोरम. तिघेही गन्स एन’ रोझेसमधले. त्या बँडच्या १९८७ च्या पहिल्या अल्बमवर सोरम नव्हता; तो १९९० मध्ये आला आणि १९९१ च्या ‘यूज युअर इल्यूजन’च्या दोन्ही भागांवर वाजवला. ते दोन भाग एकाच दिवशी आले आणि बिलबोर्डवर एक आणि दोन क्रमांकावर बसले, एवढी त्या बँडची तेव्हा चलती होती. मग १९९३ अखेर दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला आणि दुकान बंद झाल्यासारखं झालं. १९९६ मध्ये स्लॅश बाहेर पडला, १९९७ मध्ये सोरमला काढलं, त्याच वर्षी डफही गेला. नाव गायक ॲक्सल रोझकडे राहिलं. तो एका नव्या अल्बमवर वर्षानुवर्षं काम करत राहिला; तो अल्बम अखेर नोव्हेंबर २००८ मध्ये आला. म्हणजे २००४ साली या बँडच्या चाहत्याने दहा वर्षांहून जास्त काळ एकही नवं गाण्यांचं पुडकं पाहिलेलं नव्हतं. एवढी उपाशी मंडळी दुसऱ्या कुठल्या बँडला क्वचितच मिळाली असतील.

भूक किती होती याचा पुरावा ‘कॉन्ट्राबँड’च्या अडीच महिने आधीच मिळाला होता. मार्च २००४ मध्ये कंपनीने गन्स एन’ रोझेसच्या जुन्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. तो येऊ नये म्हणून खुद्द ॲक्सल, स्लॅश आणि डफ कोर्टात गेले होते; एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं या एका बाबतीत एका बाजूला होती. कोर्टाने ऐकलं नाही. संग्रह आला आणि बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकाला लागला, त्यात नवं म्हणावं असं जवळपास काही नसताना.

तिघे पुन्हा एकत्र वाजवायला लागले ते २००२ मध्ये, ओझी ऑस्बॉर्नचा ड्रमर रँडी कॅस्टिलो वारल्यानंतरच्या मदतनिधीच्या कार्यक्रमात. तिथे वाजवताना जुनी नस सापडली. दुसरा गिटारवाला म्हणून डेव्ह कुशनर आला. तो स्लॅशचा शाळेतला ओळखीचा, आणि डफबरोबर आधी वाजवलेला. अडलं ते गायकापाशी. गायकाचा शोध बरेच महिने चालला, व्हीएच-१ वाहिनीचे कॅमेरेही त्यामागे होते. ‘स्किड रो’ या बँडच्या सेबॅस्टियन बाखलाही घेऊन पाहिलं, जमलं नाही.

शेवटी आला तो स्कॉट वायलंड. त्याचा बँड स्टोन टेम्पल पायलट्स नुकताच मोडला होता. या बँडचा ‘पर्पल’ १९९४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला, म्हणजे वायलंडही रिकाम्या हाताने आला नव्हता. पण त्याच्यामागे हेरॉइनचं व्यसन होतं. २००३ मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल त्याला अटक झाली आणि कोर्टाने उपचार सक्तीचे केले. अल्बमवरचं त्याचं गाणं या उपचारांच्या वेळापत्रकात बसवून, दिवसातले थोडे तास मिळतील तसं रेकॉर्ड झालं. बाकीचे चौघे स्वतः दारू आणि ड्रग्जच्या चक्रातून गेलेले असल्याने त्यांनी हे धकवून घेतलं. दुसऱ्या कुठल्याही बँडने त्याला पहिल्या महिन्यातच नारळ दिला असता असं माझं मत.

अल्बम यायच्या आधीच दोन गाणी सिनेमांच्या निमित्ताने बाहेर पडली: ‘हल्क’साठी ‘सेट मी फ्री’ आणि ‘द इटालियन जॉब’साठी पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ची नवी आवृत्ती. पहिला कार्यक्रम १९ जून २००३ ला लॉस एंजेलिसच्या एल रे थिएटरात झाला. कंपनी ठरली आरसीए, म्हणजे बीएमजी या मोठ्या समूहाची. अल्बम दुकानात जायच्या आधी ‘स्लिदर’ हे गाणं रॉक रेडिओवर सोडलं गेलं, आणि ते बिलबोर्डच्या दोन्ही रॉक याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आता पहिल्या आठवड्याच्या आकड्याकडे येऊ. १९९१ च्या मेपर्यंत बिलबोर्डची यादी कशी बनायची, तर दुकानदारांना फोन करून ‘या आठवड्यात काय चाललंय’ विचारायचं आणि ते सांगतील त्यावर क्रम लावायचा. त्यात अंदाज होता, आवडनिवड होती, कंपनीच्या माणसाची गोडी-गुलाबीही होती. मग साउंडस्कॅन ही पद्धत आली. गल्ल्यावर सीडीचा बारकोड वाचला की विक्रीची नोंद थेट जमा व्हायची. यामुळे एक गोष्ट उघड झाली: चाहतावर्ग पक्का असलेला अल्बम पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त खपतो आणि मग उतरत जातो. पूर्वी अल्बम यादीत हळूहळू वर चढताना दिसायचे. आता वरून उतरताना दिसू लागले.

तेव्हा विक्रीचा आठवडा सोमवार ते रविवार मोजला जाई आणि अल्बम मंगळवारी लागे, म्हणजे ‘पहिला आठवडा’ खरं तर सहाच दिवसांचा. या सहा दिवसांत अल्बम घेणाऱ्या बहुतेकांनी रेडिओवरचं एखाद-दुसरं गाणं सोडून त्यातलं काही ऐकलेलं नसतं. ते विकत घेतात ते मुखपृष्ठावरची नावं. पहिल्या आठवड्याचा आकडा हा अल्बमच्या दर्जावरचा कौल नसतो, अपेक्षेवरचा असतो. याला पुरावा शेजारीच आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये दुसऱ्या एका सुपरग्रुपचा, ‘ऑडिओस्लेव्ह’चा पहिला अल्बम आला. पहिल्या आठवड्यात १ लाख ६२ हजार प्रती, क्रमांक सातवा. तो पुढे अमेरिकेत तीनदा प्लॅटिनम झाला. पहिल्या क्रमांकावर उतरलेला ‘कॉन्ट्राबँड’ दोनदा. एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती, आणि त्याही दुकानांकडे रवाना झालेल्या. सगळ्या गिऱ्हाइकाच्या हातात गेल्या असं नव्हे. सातवा आलेला पहिल्याच्या पुढे निघून गेला.

मग अल्बम मुळात होता कसा?

समीक्षकांचा सूर संमिश्र होता, आणि मला तो रास्त वाटतो. जोश एब्रहम हा निर्माता ‘स्टेंड’सारख्या बँडबरोबर काम केलेला, म्हणजे २००० च्या सुमाराच्या अमेरिकन रॉक रेडिओचा कारागीर. त्याने आवाज घट्ट आणि सतत भरलेला ठेवला. तेरा गाणी, जवळपास तासभर, आणि श्वास घ्यायला जागा कमी. गन्स एन’ रोझेसची खरी गंमत त्यांच्या ढिलेपणात होती: दोन गिटार एकमेकींना किंचित चुकवत, ब्लूजच्या झोकात चालायच्या. इथे सोरमचा ठोका सरळ आणि जड, आणि कुशनरची गिटार स्लॅशला झुलवायच्या ऐवजी त्याच्यामागे इफेक्ट्सची भिंत उभी करते. भिंत चांगली आहे, पण तिच्यावर झोका बांधता येत नाही.

वायलंडमुळे मात्र हा अल्बम नुसती जुन्या बँडची नक्कल होण्यापासून वाचला. ॲक्सलचा आवाज वर किंचाळत जाणारा. वायलंड खालच्या पट्टीत, थोडा अनुनासिक, मधूनच मेगाफोनमधून बोलल्यासारखा. स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक रचून तो अशा जागी स्वरमेळ उभा करतो जिथे रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, अगदी साधी असते. ‘स्लिदर’ यामुळेच चालतं. त्याची रिफ एखाद्या शिकाऊ पोरालाही संध्याकाळभरात जमेल. त्यावरचं गाणं जमणार नाही. ‘फॉल टू पीसेस’मध्ये दोन्ही बाजू सगळ्यात चांगल्या जुळल्या. स्लॅशची सुरुवातीची धून त्याच्या १९८७ सालच्या सर्वांना पाठ असलेल्या ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’च्या सुरावटीची चुलत बहीण शोभेल अशी, आणि शब्द वायलंडच्या व्यसनाचे, त्याच्या मोडत चाललेल्या घराचे. बिलबोर्डच्या मेनस्ट्रीम रॉक यादीत ते ११ आठवडे पहिलं होतं. अल्बमच्या मधल्या भागातली दोन-तीन गाणी वगळली असती तर बिघडलं नसतं.

फेब्रुवारी २००५ च्या ग्रॅमीत ‘स्लिदर’ला सर्वोत्तम हार्ड रॉक सादरीकरणाचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्तम रॉक अल्बमसाठीही नामांकन होतं, तो ग्रीन डेने नेला.

आता कुलपाकडे. हा भाग जरा तांत्रिक आहे, पण मला सगळ्यात रंजक वाटतो.

ऑडिओ सीडीचं प्रमाण फिलिप्स आणि सोनीने १९८० मध्ये ठरवलं. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना १६ बिटचा आकडा, आणि हे आकडे तबकडीवर ओळीने लिहायचे. त्यात गुप्त किल्ली नाही, कूटलेखन नाही. १९८० मध्ये घरोघरी सीडी वाचणारा संगणक असेल आणि कोणी ती कॉपी करेल, हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे १९९९ मध्ये इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घ्यायची नॅप्स्टर ही सोय आली, सीडी लिहिणारे ड्राइव्ह स्वस्त झाले, आणि कंपन्यांची झोप उडाली. सप्टेंबर २००३ पासून तर अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संघटनेने गाणी वाटणाऱ्या साध्या घरगुती लोकांवर खटले भरायला सुरुवात केली.

पण सीडीवरची गाणी कुलूपबंद करायची तर जुन्या प्लेअरवर ती वाजलीच नसती. मग ॲरिझोनातल्या सनकॉम या कंपनीने मीडियामॅक्स नावाची युक्ती काढली. गाणी तशीच उघडी ठेवायची, आणि सीडीच्या टोकाला एक संगणकी प्रोग्राम ठेवायचा. विंडोजला तेव्हा सवय होती की सीडी आत गेली की तिच्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करायचा. हा प्रोग्राम संगणकात एक ड्रायव्हर, म्हणजे पडद्याआड राहून सीडीच्या ड्राइव्हवर नजर ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर, बसवायचा. पुढे अशी खूण असलेली सीडी दिसली आणि कोणी गाणी उतरवायला गेलं, की ड्रायव्हर मध्ये पडून आवाज बिघडवायचा. थोडक्यात, तिजोरी उघडी टाकायची आणि आलेल्याला दारातच सांगायचं, बाबा रे, तुझे डोळे तूच बांधून घे.

डोळे बांधून घेतलेल्याला बदल्यात विंडोज मीडिया प्रकारच्या फाइली मिळत आणि मोजक्या कॉपी करायची मुभा. त्या फाइली आयपॉडवर चालत नसत. म्हणजे पैसे देऊन सीडी घेतलेल्या, नियम पाळणाऱ्या माणसालाच आपली गाणी आपल्या यंत्रात घालता येत नव्हती.

ऑक्टोबर २००३ मध्ये, म्हणजे ‘कॉन्ट्राबँड’च्या आठ महिने आधी, प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने हेच कुलूप असलेली अँथनी हॅमिल्टनची सीडी तपासली. त्याने लिहून टाकलं की सीडी आत सरकवताना कीबोर्डवरची शिफ्ट की दाबून धरली तर प्रोग्राम आपोआप सुरू होत नाही, ड्रायव्हर बसत नाही आणि कुलूप उरत नाही. शिफ्टने आपोआप सुरू होणं थांबवायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिलेली होती. मॅक आणि लिनक्सवर तर प्रोग्राम स्वतःहून चालतच नसे. सनकॉमने हाल्डरमनवर एक कोटी डॉलरच्या दाव्याची धमकी दिली आणि हसं होताच दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. हाल्डरमन पुढे मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि मतदानयंत्रांच्या सुरक्षेवरच्या कामासाठी ओळखला जातो.

हे सगळं जगजाहीर असताना बीएमजीने तेच मीडियामॅक्स ‘कॉन्ट्राबँड’वर लावलं. प्रती अडीच लाखांवर गेल्या. कुलूप लोकांना मान्य आहे असा यातून अर्थ निघत नाही. घेणाऱ्यांतला एक गट गाडीत किंवा घरच्या प्लेअरवर ऐकणारा, त्याची कुलपाशी गाठच पडली नाही. दुसऱ्याला शिफ्ट की ठाऊक होती किंवा त्याच्याकडे मॅक होता. उरलेल्या तिसऱ्या गटाने सीडी घरी नेली, त्यानंतर त्याला ही भानगड कळली, आणि तोवर त्याची प्रत विक्रीच्या आकड्यात मोजून झाली होती. सीडीवर सूचना छापलेली होती हे खरं, पण स्लॅश आणि वायलंडची नावं वाचून हात पुढे करणारा माणूस बारीक अक्षरं वाचत नाही. आणि कुलूप चोरीही रोखत नव्हतं, कारण जगात एकाने ते चुकवून गाणी नेटवर टाकली की बाकीच्यांना कुलपाशी यायचीच गरज उरत नाही.

तरी चुकीचा धडा घेतला गेला. ऑगस्ट २००४ मध्ये सोनी आणि बीएमजी यांचे संगीत विभाग एक झाले आणि नव्या कंपनीने कुलूपबंद सीडी आणखी जोमाने काढल्या. मीडियामॅक्सची नवी आवृत्ती तर होतीच, जोडीला एक्ससीपी नावाचं दुसऱ्या कंपनीचं कुलूप आलं. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने दाखवून दिलं की एक्ससीपी संगणकात स्वतःला लपवतं, आणि त्याच्या आडोशाने दुसरा कुठलाही घातक प्रोग्रामही लपू शकतो. अशा लपणाऱ्या सॉफ्टवेअरला रूटकिट म्हणतात. एरवी ते हॅकर वापरतात. त्या सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या, ग्राहकांचे सामूहिक दावे झाले, टेक्सास राज्याने खटला भरला. पाठोपाठ नव्या मीडियामॅक्समध्येही सुरक्षेची भोकं सापडली. ग्राहकाने अटी नाकारल्या तरी ते फाइली ठेवून जायचं. ‘कॉन्ट्राबँड’वर एक्ससीपी नव्हतं, मीडियामॅक्सही जुनं होतं, त्यामुळे त्या अल्बमच्या माथी हे पाप मारू नये. २००७ मध्ये ईएमआय या मोठ्या संगीत कंपनीने ऑनलाइन विकलेल्या गाण्यांवरचे निर्बंध काढायला सुरुवात केली, आणि २००८ च्या सुरुवातीला मोठ्या कंपन्यांत सगळ्यात शेवटी सोनी बीएमजीनेही तेच केलं.

अपेक्षेवर मिळालेला आकडा पुन्हा मिळत नाही हे बँडलाही कळलं. दुसरा अल्बम ‘लिबर्टाड’ जुलै २००७ मध्ये आला. तीच पाच माणसं, पण पहिल्या आठवड्यात ९२ हजार प्रती आणि पाचवा क्रमांक. तोवर सीडीचा बाजारच आटत चालला होता हे त्यात धरायला हवं. पण ‘हे एकत्र आले तर काय होईल’ हे कुतूहलही संपलेलं होतं. एप्रिल २००८ मध्ये वायलंड बाहेर पडला. नवा गायक मिळाला नाही आणि बँड नुसता थांबला. वायलंड ३ डिसेंबर २०१५ रोजी दौऱ्यावर असताना वारला. पुढच्याच वर्षी स्लॅश आणि डफ गन्स एन’ रोझेसमध्ये परतले.

२०१८ पासून गन्स एन’ रोझेस आपल्या कार्यक्रमांत ‘स्लिदर’ वाजवू लागला. हाच बँड १७ मे २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवून गेला. ॲक्सलला सोडून गेलेल्यांनी त्याच्याशिवाय केलेलं गाणं आता ॲक्सलच गातो. मला अजूनही वायलंडचंच आवडतं.